न धुतलेली खडी

टँकरच्या तोटीला माझा हात लागला आणि मुकादमाच्या हातातलं फावड्याचं दांडकं माझ्या मनगटावर बसलं. घमेलं पडलं. मुकादमानं डबाभर पाणी ओतून तोटी धुतली.

"विद्यापीठाचं नाव बदलाया निघालेत," तो बाकीच्या बायांना म्हणाला. "कुठं हात लावायचा ते कळंना अजून."

बाया हसल्या. मीही हसले. हे आजवर कुणाला सांगितलं नाही. मीही हसले.

जालना रोडला, करमाडच्या अलीकडं, एका कारखान्याची घाण पुरायला मोठा खड्डा बांधत होते. तळाला माती कुटलेली, तिच्यावर जाड काळं प्लास्टिक. प्लास्टिकवर फूटभर खडी आणि खडीत भोकं पाडलेला पाइप. साहेबानं पहिल्या दिवशी सगळ्यांना समजावलं होतं. घाणीतून झिरपलेलं पाणी खडीतून पाइपात जाणार, पाइपातून बाहेरच्या हौदात. खडीत माती राहिली तर ती तुंबणार, पाणी प्लास्टिकवर साचणार, आणि एखाद्या जोडातून खाली उतरणार. म्हणून खडी धुऊनच टाकायची.

मला हे लगेच समजलं. उताराला आमची वस्ती होती. वस्तीची विहीरही तिथंच.

धुवायचं काम आमच्या वस्तीच्या सहा बायांना दिलं. पण त्याच टँकरचं पाणी सगळे प्यायचे, म्हणून तोटी आम्ही सोडायची नाही. गावातल्या बाईनं येऊन सोडायची, आम्ही लांबून घमेलं धरायचं. त्यांना त्यांची कामं. आम्ही ढिगाशी बसून वाट बघायचो. त्या दिवशी वाट बघून कंटाळले आणि मीच तोटी सोडली.

मला मारल्यावर मुकादम म्हणाला, न धुता तशीच टाका. माती लागलेली खडी आम्ही टाकली. मी टाकली. रोज, माझ्याच विहिरीच्या वरच्या अंगाला.

साहेबाला सांगावं वाटायचं. तोंड उघडायचं नाही. भाऊ नामांतराच्या मोर्चाला गेला म्हणून गावानं आम्हाला शेतावर बोलावणं बंद केलं होतं. गिरणीत दळण घेत नव्हते. घरात दोन पोरी. हा खड्डा सोडून जायचं कुठं?

काम संपत आलं तेव्हा साहेबानं खड्ड्यात पाणी सोडून बघितलं. पाइपातून नुसते थेंब ठिबकले. वर गढूळ पाणी साचून राहिलं. खडी धुतली होती का, साहेबानं विचारलं. मुकादम व्हय म्हणाला. मग धुणाऱ्या बायांकडून तसं लिहून आणा, साहेब म्हणाला.

सहा जणींत सही मलाच यायची. चौथी शिकलेली. मुकादमानं कागद आणि पेन माझ्या हातात दिलं नाही, खडीच्या ढिगावर ठेवलं.

"ताई, सही कर."

ताई. पहिल्यांदा.

"वाचून बघते," मी म्हणाले.

"वाचायचं काय त्यात?"

आमच्या सहा जणींतली गंगूअक्का माझा पदर ओढत होती. "कर गं बाई. उद्या कामाला यायचंय."

मी बोट फिरवत वाचलं. खडी आम्ही सहा जणींनी धुतली, काही कमी राहिलं तर जबाबदारी आमची. मनगट तेव्हाही दुखत होतं.

साहेब चार पावलांवर होता. मी त्याच्याकडं वळले.

"खडी धुतली नाय, साहेब. तोटी आमाला बंद व्हती."

मी टँकरपाशी गेले, तोटी सोडली, घमेलंभर खडी धुतली. लाल चिखल पायावरून वाहिला. पाणी नितळ येईपर्यंत धुतली आणि साहेबापुढं ठेवली.

"उद्यापासून यायचं नाय," मुकादम म्हणाला. साहेबानं बिनसहीचा कागद उचलला, घडी करून खिशात घातला. एवढंच.

ती खडी उपसली की नाही, मला कळलं नाही. आत सोडत नाहीत. घाणीच्या गाड्या मात्र सुरू झाल्या. गंगूअक्का माझ्याशी बोलत नाही.

मी रोज विहिरीचं पाणी काचेच्या ग्लासात धरून बघते. ज्या दिवशी रंग फिरेल, त्या दिवशी लिहीन. खडी कशी टाकली, कुणाच्या हुकमानं टाकली, तोटी कुणी बंद ठेवली. माझ्या हातानं टाकली, हेही लिहीन.

आणि त्या कागदावर सही करीन.