कडुलिंबाचा मोहोर

स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेरचा कडुलिंब फाल्गुनात पार उघडाबोडका झाला होता. मग एका सकाळी फांद्यांच्या टोकांना तांबूस पालवी दिसली आणि बघता बघता माझा चहा उतू गेला. आता संध्याकाळी मोहोराचा गोडसर वास थेट घरात येतो.

पूर्वी मला यातलं काही दिसत नसे. ऋतू बदलला की बायको सांगायची. पाडव्याला मोहोर गुळात वाटून माझ्या तळहातावर ठेवायची. म्हणायची, "तोंड वाकडं करू नका, गिळा." मी मुद्दाम जास्तच वाकडं करायचो. ती हसायची.

ती गेल्यापासून झाडाकडे मीच बघत असतो. आज पाडवा. मोहोर तोडला, वाटला, खाल्ला. चांगलाच कडू होता. पण तोंड काही वाकडं झालं नाही.