ळ नसलेला छापखाना

ऐंशीच्या दशकात आदिलाबादला आमचं मराठी साप्ताहिक सरकीच्या जुन्या गोदामात छापलं जायचं. वर पत्रे, खाली पायाने चालवायचं यंत्र आणि हिंदी छापखान्याने टाकून दिलेले अक्षरांचे शिशाचे खिळे. हिंदीला ळ लागत नाही, त्यामुळे आमच्याकडे ळ नव्हताच. आमचा बेरकी कंपोझिटर त्या जागी बिनदिक्कत य लावायचा. ‘पुढाऱ्याच्या गळ्यात माळ’ ही बातमी ‘पुढाऱ्याच्या गयात माय’ अशी छापून आली. मी संपादक, कंपोझिटरवर ओरडलो.

तो म्हणाला, “काऊन वरडून राह्यले साहेब? आमी बोलतो तसंच छापलं ना!”

वाचकांनी हूं की चूं केलं नाही; तेही बोलताना ळचा यच करायचे. शेवटी मी हट्टाने नागपूरहून ळ मागवले. तो अंक निघाला आणि चार वाचक भांडायला आले. म्हणे, “तुमच्या पेपरात आता लय चुका होऊन राह्यल्या!”