शिळ्या पाण्याची बादली

वाळूजच्या एका कारखान्यात मी अठरा वर्षं फिल्टर सांभाळते आहे. यंत्रांवर पडणाऱ्या तेलकट पाण्यातला लोखंडाचा कीस काढायचा आणि पाणी पुन्हा यंत्रांना द्यायचं, हे माझं काम. त्यामुळे बाबा गेल्यावर त्यांचा दोन फुटी फिशटँक माझ्या ताब्यात आला तेव्हा मला हसूच आलं. एक टाकी, एक गोल्डफिश. आचाऱ्याला चहा करायला सांगावं तसं ते काम वाटलं.

बाबांनी आणलेल्या माशांपैकी हा एकच उरला होता. बाबा टाकीपाशी गेले की तो वर यायचा आणि त्यांच्या बोटाला तोंड लावायचा. त्यांचे कपडे, छत्री, चष्म्याच्या फ्रेमा सगळं आम्ही देऊन टाकलं होतं. हा मासा तेवढा माझ्या हातून मरू नये, एवढंच मला हवं होतं.

आईला तो कधीच आवडला नाही. आमच्याकडे हर्सूलच्या बाजूला नळ आठवड्यातून एकदा येतो, तोही त्याच्या मनात आलं तर. त्या दिवशी आई साडी खोचून घरातलं सगळं पाणी ओतून देते, पिंपं आणि कळशा घासते आणि मग ताजं भरते. शिळ्या पाण्याचा तांब्यासुद्धा तिला घरात चालत नाही. अशा घरात एक मासा पन्नास लिटरमध्ये हिंडतोय, हे तिला बघवत नसे. "माणसांनी कोरड्या घशानं बसायचं अन् ह्याला हौद!" असं ती बाबांना ऐकवायची.

बाबांचा फिल्टर अगदी साधा होता. पाण्यात एक काळा स्पंज, त्यात नळी, आणि बाहेर हवेचा पंप. पंप दिवसभर घुर्रर्र करायचा. दुपारी आडवी झाली की आई म्हणायची, "अवं, त्याचा आवाज कमी करा की." बाबा उठायचे, पंपावर हात ठेवायचे, जरा थांबायचे आणि म्हणायचे, "केला." आवाज कमी करायची त्या पंपाला सोयच नव्हती. आईला मात्र लगेच झोप लागायची.

तो स्पंज मी बाहेर काढला आणि जरासा दाबला, तर चहाच्या चोथ्यासारखा गाळ निघाला. घाण दिसली की काढायची, याचाच मला पगार मिळतो. स्पंज आणि पंप आईच्या हातात देऊन मी म्हटलं, "हे फेकून दे." ती "व्हय" म्हणाली आणि मागच्या गॅलरीत निघून गेली.

क्रांती चौकाजवळच्या माशांच्या दुकानात मी दुकानदाराला तासाला किती लिटर, किती वॅट, असं सगळं विचारून घाबरवलं. "छोटी टंकी है बाई, इत्ता बड़ा नक्को लो," तो म्हणाला. मी घेतलाच. घरी आणून सुरू केला, तर मासा या काचेवरून त्या काचेवर आडवा वाहत जाऊ लागला. टाकलेले दाणे त्याच्या पुढे पळायचे आणि त्याच्या मागूनही यायचे, पण तोंडात जायचे नाहीत. आई बराच वेळ बघत उभी राहिली. "त्याला गिरणीत घातलंय का गं?" तिनं विचारलं.

मग दुसरा आणला. हा काचेच्या कडेला टांगायचा. एका बाजूनं पाणी ओढतो, गाळतो आणि दुसऱ्या बाजूनं धबधब्यासारखं टाकीत सोडतो. रविवारी सकाळी मी तो लावला, कौतुकानं खिडकी उघडली आणि खाली चहापत्ती आणायला गेले.

आमच्या गल्लीत पाणी पडल्याचा आवाज म्हणजे काय, हे मी विसरले होते. परत आले तेव्हा आई दोन कळशा घेऊन कोरड्या नळापुढे उभी होती आणि नळ नुसता खोकत होता. खालच्या मजल्यावरच्या चाचांनी नळाला मोटार लावली होती. त्यांची ऐकून समोरच्यांनी लावली, त्यांची ऐकून कोपऱ्यापर्यंत सगळ्यांनी. सगळी गल्ली हवा ओढत होती. पाच-सहा जण बादल्या घेऊन जिना चढले, कारण आवाज आमच्याकडेच येत होता आणि आम्ही चोरून वेगळी लाइन घेतल्याची त्यांची खात्री होती.

सगळे टाकीपुढे उभे राहिले. पाणी पडत होतं. मासा त्यांच्याकडे बघत होता. एका बाईंनी विश्वास बसेना म्हणून फिल्टरखाली तांब्या धरून पाहिला. शेवटी चाचा म्हणाले, "सारी गल्ली की मोटरां चालू करा दी इने!"

पुढच्या नळाच्या दिवशी खरंच पाणी आलं, तर कुणी जागचं हलेना. चाचा खालून ओरडले, "बेटा, नल है या मछली?" उत्तर द्यायला मी घरात नव्हते. गल्लीचं अर्धा तास पाणी बुडालं आणि त्याचा हिशेब अजून माझ्या नावावर आहे. त्या संध्याकाळी मी टाकी काठोकाठ भरली, म्हणजे पाणी वरून पडायला जागाच राहिली नाही आणि आवाज बंद झाला.

पाणी मात्र असं नितळ झालं की मी येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून दाखवायचे. आणि मग मासा वर आला. तोंड पाण्याबाहेर काढून तो धापा टाकू लागला, कल्ले लालभडक. मी मोबाइलवर त्याचं चित्रण केलं आणि दुकान गाठलं.

दुकानदारानं ते पाहून विचारलं, "पुराना स्पंज किधर है?"

"फेकला."

"उसमेंच तो सब था बाई. वो मैल नै था, मैल खानेवाले थे. माशाच्या घाणीचं विष तेच खातात. नवीन फिल्टरमें उनको बसने को महिना लगता."

माशाकडे महिना नव्हता, हे त्याला सांगावं लागलं नाही आणि मलाही. कारखान्यात असले जीवजंतू दिसले की आम्ही औषध टाकून मारतो. अठरा वर्षांचं माझं शहाणपण मी बाबांच्या माशावर चालवलं होतं.

घरी येऊन मी टाकीपाशी बसले आणि चक्क रडले. आई पदराला हात पुसत आली. मी म्हटलं, "तो स्पंज कुठं फेकलास? उकिरड्यावर असला तरी जाते मी."

आई खिडकीबाहेर बघायला लागली. "फेकला नाय," ती म्हणाली.

मागच्या गॅलरीत, पिंपांच्या आड, पाटाखाली एक बादली होती. पाट उचलला आणि घुर्रर्र ऐकू आलं. कारखान्यानं माझे कान असे करून ठेवलेत की तीन आठवडे हे घरात चाललं होतं आणि मला पत्ता नव्हता. बादलीत टाकीतलंच जुनं पाणी, त्यात काळा स्पंज, त्यातून बुडबुडे. मासा नाही, काही नाही.

"हे कशाला चालू ठेवलंय?"

"दुपारी झोप येईना."

शेजारी माशाच्या दाण्यांची डबी होती. मी ती उचलून तिच्याकडे पाहिलं.

"चार दाणे टाकते रोज," ती म्हणाली. "नुसतंच कसं ठेवायचं चालू?"

तीन वेळा नळ आला होता. तीन वेळा तिनं घरातला थेंब न् थेंब ओतला होता आणि ही एक बादली तशीच ठेवली होती. मी तिला सांगितलं की ते दाणे कुजत राहिले, म्हणून स्पंजातले जीव उपाशी मेले नाहीत. रिकाम्या बादलीला जेवू घालणं हा अगदी शास्त्रशुद्ध उपाय होता.

"व्हय का?" आई म्हणाली. "मला वाटलं, मीच येडी झाले."

स्पंज आम्ही दोघींनी मिळून टाकीत ठेवला. दोन दिवस मासा वरच होता. तिसऱ्या दिवशी खाली गेला, आणि पाचव्या दिवशी त्यानं दाणे खाल्ले. टांगायचा फिल्टर मी चाचांना दाखवून, त्यांच्यासमोर खोक्यात भरला.

त्या रविवारी जेवणं झाल्यावर आई टाकीशेजारी चटईवर आडवी झाली. मी पेपर वाचत होते. डोळे मिटलेलेच ठेवून, अर्धवट झोपेत ती म्हणाली, "अवं, त्याचा आवाज कमी करा की."

मी उठले. पंपावर हात ठेवला. जरा थांबले आणि म्हणाले, "केला."