कचरूचे चार दगड

लासूर स्टेशनच्या बाजारात कांद्याच्या गोण्या उतरवत होतो, तेवढ्यात गावातलं कुणीतरी ओरडलं, "आबा, तुमचा बांधकरी गेला!" मी म्हणलो, कुठं गेला? सकाळी तर त्याच्या बोरीखाली बसलेला बघितला होता. मग त्या माणसाचं तोंड बघितलं आणि हातातली गोणी तशीच राहिली… याला महिना होऊन गेला. तवापासून रानात करमत नाय, घरी बसवत नाय.

कचरू आणि मी एका बांधाच्या दोन बाजूंना, चाळीस वर्षं. बांध कसला, जंगलच ते. बोरी, हिवर, तरवड, खाली वारुळं. माझी बाजू मी दर वैशाखात पेटवायचो. बापजाद्यांपासून रीतच, जाळलं म्हणजे रान स्वच्छ. बांधच मोडून टाकू, म्हणून दरसाल कचरूशी भांडायचोबी. कचरू गाजरगवत तेवढं फुलायच्या आत हातानं उपटायचा, बाकी काडीला हात लावू द्यायचा नाय. बांधालगत फवारणी करायचा नाय, ज्वारीची कडेची ओळ पाखरांना सोडायचा. मी म्हणायचो, "कचऱ्या, पाखरांची नावं सातबाऱ्यावर चढव की!" तो म्हणायचा, "चढवली असती. पण तुमच्यासारखी भांडायला लागली तर, पाटील?" मी पाटील नाय. माझा ताठा बघून त्यानं ठेवलेलं नाव ते.

एका उन्हाळ्यात माझ्या रानात, बांधापासून पाच-सहा पावलं आत, चार दगड मांडलेले दिसले. मी ओळखलं, हा हद्द सरकवतोय. फेकून दिले. दुसऱ्या उन्हाळ्यात परत दगड, दुसऱ्याच जागी. मी चिडून सरकारी मोजणी आणली. बांध होता तिथंच निघाला, इंचभर हललेला नाय. मी सगळ्यांसमोर विचारलं, "मग हे दगड कुणाच्या बापाचे?" कचरू खाली बसला आणि बोट दाखवलं. दगडांच्या मधोमध ढेकळांच्या रंगाची चार अंडी. टिटवीची. ती उघड्या रानातच घालते. "नांगर बाजूनं जावा म्हणून मांडतो," तो म्हणला, "तुम्हाला सांगितलं असतं तर मुद्दाम वरून घातला असता." लोक हसले. आणि मी… दुसऱ्या दिवशी खरंच वरून नांगर घातला. हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. कचरूला सांगायची गरज नव्हती, तो बांधावर उभा होता. पुढच्या उन्हाळ्यात परत दगड मांडले. तवापासून मी नांगर बाजूनं घेत आलो. पण चुकलो, एवढं काय तोंडातून निघालं नाय. आज म्हणू, उद्या म्हणू…

तेराव्यानंतर त्याचा पोरगा सुरेश आला. वाळूजला कंपनीत असतो. "आबा, जेसीबी सांगितलाय. बांध सपाट करून तार ओढू. तुमच्याबी रानात चार ओळी वाढतील. बांध सामाईक, तुमचा होकार पाहिजे." हयातभर जे मागत होतो, ते दारात चालून आलं. मी म्हणलो, "नाय."

"अवो, यासाठी तर तुम्ही बापाशी भांडलात!"

"व्हय, भांडलो. आता तुझ्याशी भांडतो."

पेरणीच्या आत परत येतो म्हणून गेलाय. येईल. निम्मा बांध त्याचा आहे, आणि माझं वय त्याला दिसतंय. यंदा माझी बाजू मी पेटवली नाय. तुमच्याबी रानाला बांध असेल. काडी ओढायच्या आधी एकदा वाकून बघा, एवढंच म्हणतो.

परवा माझ्या रानात टिटवी बसलेली दिसली. बोरीखाली कचरूचे दगड पडले होते, ते आणून मांडले. ती डोक्यावर ओरडत घिरट्या घालायला लागली. दगड हातभर लांब केले, तरी ओरडते. आणखी लांब केले… चार वेळा उचलले, चार वेळा मांडले. कचरू अंड्यांपासून किती अंतरावर ठेवायचा, लई आठवून बघतो. नांगर तर लांबूनच वळवायचो, आणि फेकताना कुणी मोजतं व्हय?