सव्वादोनशे तासांचा कोरा मास्क

मास्क हातात घेतला आणि माझं डोकं फिरलं. नाकाभोवती टेकते ती सिलिकॉनची मऊ कड काचेसारखी स्वच्छ होती. महिनाभर कुणी वापरली की ती पिवळट पडते, चेहऱ्याचं तेल तिच्यात मुरतं, कितीही धुवा. ही मात्र मी पिशवीतून काढून दिली होती तशीच होती. आणि मशीनच्या मीटरवर महिनाभरात सव्वादोनशे तास भरले होते.

"काका, हा मास्क तुम्ही रोज लावता?"

"रोज ना, मॅडम. मीटर बघा की."

मीटर मी आठवड्यापूर्वीच पाहिला होता. त्यावरून रिपोर्ट लिहून खाली सही केली होती. तो बघून डॉक्टरांनी रामनाथकाकांना गाडी चालवायला फिट असल्याचं पत्र दिलं होतं. काका सिन्नरच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्याची स्टाफ बस चालवायचे. चाळीस माणसं मागे बसलेली.

हे दोन हजार सालानंतरच्या पहिल्या काही वर्षांतलं. नाशिकला मेडिकल इक्विपमेंटच्या एका डीलरकडे मी टेक्निशियन होते. सीपॅप मशीन तेव्हा फार थोड्या लोकांनी पाहिलेलं. काही माणसांचा झोपेत घसा मिटतो, श्वास थांबतो, ती गुदमरून अर्धवट जागी होतात, पुन्हा झोपतात, पुन्हा तेच. याला स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात. असा माणूस सकाळी उठतो तोच थकलेला, आणि दिवसा बसल्या जागी त्याचा डोळा लागतो. सीपॅप नळीतून नाकात दाबाने हवा सोडतं आणि घसा उघडा ठेवतं. गोळी नाही, ऑपरेशन नाही. फक्त लावून झोपायचं. हे 'फक्त' मी पेशंटला वीस मिनिटांत समजावून निघायचे.

काकांचा डोळा लागला होता तो मोहदरी घाटात. बस कठड्याला घासली, कुणाला लागलं नाही. कंपनीने तपासणीला पाठवलं. डॉक्टरांनी सांगितलं, महिनाभर मशीन वापरा, तास दाखवा, मग स्टिअरिंगला हात लावा.

मी मास्क उजेडात धरून ती कड पुन्हा बघू लागले, तशा सुमनकाकू स्वयंपाकघरातून बाहेर आल्या.

"मशीन रोज चालू असतं, ताई. खोटं नाय बोलत ते. फक्त मास्क खुंटीला असतो."

काकांनी मास्क माझ्या हातातून घेतला. मग म्हणाले, "लय जोर हे त्या हवेचा. आत जाती, पण श्वास बाहेर सोडता येत नाय. जीव घाबरतो. चार दिवस केलं मी. तुम्हाला फोन केला, तर तुम्ही म्हणला, सवय होईल."

म्हटलं होतं. तीनदा म्हटलं होतं.

सिन्नर स्टँडवरच्या एसटीडी बूथमधून ऑफिसला फोन लावला. सरांनी सगळं ऐकून घेतलं.

"महिन्याचे तास मीटरवर किती होते?"

"सव्वादोनशे."

"तू किती लिहिलेस?"

"सव्वादोनशे."

"मग आपली चूक कुठे आहे?"

"सर, तो माणूस बस चालवतोय."

"ते डॉक्टर बघतील. आपण मशीन देतो."

डॉक्टर बघणार कसे, त्यांना सांगितल्याशिवाय? दुसरा फोन मी डॉक्टरांना लावला. सगळं ऐकून त्यांनी काकांची फाइल मागवली. मग विचारलं, "तास कुणी तपासले होते?"

"मीच."

"बरं," एवढंच म्हणाले. त्याच दिवशी पत्र मागे घेतलं. कंपनीने काकांना बसवरून उतरवून टाइम ऑफिसात, हजेरीच्या कामावर बसवलं. सर आठवडाभर माझ्याशी कामापुरतं बोलत होते.

पुढच्या खेपेला गेले तेव्हा काकांनी मला बसा म्हटलं नाही.

"तुम्ही एकदा लावून बघा," ते म्हणाले.

दोन वर्षं मी हे मशीन लोकांना समजावत होते. स्वतः कधी लावलं नव्हतं. पिशवीतला दुसरा मास्क काढला, काकांच्याच दाबावर मशीन ठेवलं, पट्टे आवळले. धावत्या जीपमधून तोंड बाहेर काढावं तसा वारा नाकात शिरला. श्वास सोडायला छातीने ढकलावं लागत होतं. काही सांगायला तोंड उघडलं तर सगळी हवा तोंडातूनच बाहेर. चार मिनिटांत मी पट्टे ओढून काढले. काकूंना हसू आवरेना. काका हसले नाहीत.

"आता सांगा, सवय होईल."

मी मशीनचं सेटिंग उघडलं. त्यात रॅम्प नावाची सोय असते. हवा आधी हळू येते आणि अर्ध्या तासात पूर्ण जोराला पोचते, तोवर माणूस झोपलेला असतो. काकांच्या मशीनमध्ये रॅम्प बंद होता. बॉक्समधून तसाच आला होता, आणि समजावायची एक गोष्ट कमी म्हणून मी तो तसाच ठेवला होता. हे मी त्यांना सांगितलं. लपवण्यात अर्थ नव्हता.

मग पहिल्यापासून सुरुवात केली. आधी दिवसा, बसून, टीव्ही बघताना नुसता मास्क. मग मशीन, पण रॅम्प लावून. तोंड उघडं राहायचं म्हणून हनुवटीला पट्टा. दर दोन दिवसांनी काकांचा फोन. नाक कोरडं पडतं. गालावर वळ उठतात. लोडशेडिंग झालं की मशीन बंद आणि हे जागे. प्रत्येक फोनला मला रिसीव्हर आपटावासा वाटायचा, आणि प्रत्येक वेळी मी सिन्नरची एसटी पकडायचे.

दोन महिने गेले. डॉक्टरांनी या वेळी मीटर विचारलाच नाही. काकांना दुपारी जेवण करून बोलावलं, वेटिंग रूममध्ये पंख्याखाली दीड तास बसवून ठेवलं आणि कंपाउंडरला लक्ष ठेवायला सांगितलं. काका सगळा वेळ जागे होते. डॉक्टरांच्या नावाने बडबडत होते, पण जागे होते. मग रात्री झोपेतला श्वास बघायची तपासणी पुन्हा झाली आणि पत्र मिळालं.

तेव्हापासून कुठलंही नवीन मॉडेल आलं की मी ते आधी एक रात्र घरी नेऊन स्वतः लावून झोपते. त्याने पेशंटचं काम सोपं होत नाही. मी फोनवर मूर्खासारखं बोलत नाही, एवढंच.