सुलोचनाच्या सासूला मी खरं सांगितलं

नवऱ्याला हे ठाऊक नाही, बहिणीला नाही. तुम्ही पहिलेच. आणि आधीच सांगते – आजारपणाची ढाल मला नको. कावीळ यकृताला झाली होती, जिभेला नाही.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. पुण्याहून दक्षिणेत बदली होऊन आम्ही बनशंकरी नावाच्या वस्तीत राहत होतो. सकाळी रस्त्यावर पळणाऱ्या बायका तेव्हा दोनच – मी आणि समोरच्या घरातली सुलोचना. तिला पळायला मीच शिकवलं. श्वास कसा घ्यायचा, बूट कुठले, ओढणी कशी बांधायची – सगळं. तिची सासू बेळगावकडची. "तुमी संगं हाईसा म्हणून सोडतो बघा," असं मला बजावून तिने परवानगी दिली होती. बायकांच्या एका शर्यतीत आम्ही दोघींनी नावंही घातली.

मग कावीळ. डॉक्टरांनी धावणं बंद केलं, चालणंसुद्धा. मी काय, फ्रिजवर यादी लावून अंथरुणातून घर चालवलं. ते जमलं. सकाळ मात्र जमेना.

कारण सुलोचना जातच होती. मी बरी झाले आहे आणि पुन्हा तिच्यासोबत जाते, असं तिने घरी सांगितलं होतं. मला विचारून – आणि मी हो म्हटलं होतं, हसून. रोज ती माझ्या खिडकीखालून जाई. पूर्वी मागे राहून धापा टाकणारी, आता कशी मोकळी पळत होती! वर बघून हात करायची. मी काय करायला हवं होतं? आनंद मानायला?

एका दुपारी तिची सासू ताकाचा तांब्या घेऊन आली. इकडचं तिकडचं बोलली, मग म्हणाली, "आता बरं हाय म्हणं. जाता न्हवं दोघी?"

नुसती मान हलवायची होती. एवढंच.

"मी?" मी म्हटलं. "मी अजून जिनासुद्धा उतरलेली नाही."

चुकून नाही. बोलण्याच्या ओघात नाही. तिच्या तोंडाकडे बघत, नीट.

दुसऱ्या दिवसापासून खिडकीखालून कुणी गेलं नाही. चार दिवसांनी सुलोचना आली, डोळे सुजलेले. शर्यतही गेली होती. "दूधवाल्यानं सांगितलं असणार, अक्का," म्हणाली.

मी म्हटलं, "असेल."

सासूला सांगितलं ते निदान खरं होतं. हा एक शब्द तेवढा खोटा – आणि त्यानंतर मला गाढ झोप लागली, हेही लिहून टाकते.

मी बरी झाले. पळायला लागले. पुढच्या वर्षीची शर्यत पुरी केली, एकटीने. सुलोचनाला त्या घराने पुन्हा सोडलं नाही. खोटं बोलणारी सून, मग सोबत कुणीही असो. मी जायचे त्याच वेळेला ती फाटकासमोर रांगोळी घालत असायची. पावलांचा आवाज आला की मान वर करायची.

बनशंकरी सोडेपर्यंत मी रोज तिच्यासमोरून गेले. रस्ता बदलला नाही. वेगही कमी केला नाही.