पुन्हा एडिटिंगच्या खोलीत

आम्ही साखरखेर्ड्याहून देऊळगाव राजाच्या स्टँडवर आलो तेव्हा जालन्याची बस लागली होती. माझी लेक लता माझ्या आईचं बोट धरून रेवडी चघळत उभी होती. मी तिला न घेता मुंबईला चाललेय, हे तिला अजून पुरतं उमगलं नव्हतं. आई माझ्याकडे बघायलाच तयार नव्हती. "लेकरू सोडून जाऊन राह्यली तू," एवढंच ती सकाळपासून म्हणत होती. बांनी मात्र माझी ट्रंक स्वतः टपावर चढवली आणि खिडकीशी येऊन म्हणाले, "तुले येते ते काम तिकडंच हाये. निंदणाले इथं बाया लय हायेत. जाय तू."

बस सुटली तेव्हा रडले, नाही असं नाही. पण खरं सांगू का? जालना यायच्या आत रडू पळालं होतं आणि बोटं मांडीवर आपोआप चालायला लागली होती, हातात फिल्म असल्यासारखी.

साखरखेर्ड्याच्या माझ्या मैत्रिणींनो, तुम्ही भेटलात की विचारता, "तू तिकडं करते तरी काय बे?" तर ऐका. सिनेमा तुकड्यातुकड्यांत काढतात. त्यातले कामाचे तुकडे निवडायचे, कापायचे, जोडायचे आणि त्यांची गोष्ट करायची. याला एडिटिंग म्हणतात. माझा नवरा मुंबईत एका स्टुडिओत एडिटरचा असिस्टंट होता. लग्नानंतर त्यानंच मला शिकवलं आणि मी त्याच्या शेजारी बसून तुकडे जोडायला लागले. तो काविळीनं गेला तेव्हा लता पोटात होती. मी माहेरी आले आणि लता शाळेच्या वयाची होईपर्यंत शेतातच राहिले. फिल्मचा वाससुद्धा विसरले असं वाटायचं.

मुंबईत वरळीच्या चाळीत नणंदेकडे उतरले आणि दुसऱ्याच दिवशी स्टुडिओ गाठला. जुने एडिटर, ज्यांना सगळे मास्तर म्हणत, अजून तिथंच होते. "कुसुम! ये, ये," म्हणाले. पण खोली ओळखू येईना. आमच्या वेळी फिल्म ब्लेडनं खरवडून चिकटद्रव्य लावायचो, आता पारदर्शक टेप आली होती. सिनेमाचा आवाजही आता चुंबकीय टेपवर असायचा. मी घाईत केलेला पहिलाच जोड मशीनमध्ये सुटला आणि दिग्दर्शकासमोर पडदा पांढराफटक पडला.

"यांना शिकवत बसायला आपल्याकडे वेळ नाही," तो माझ्यादेखत मास्तरांना म्हणाला.

"थोडे दिवस द्या," मास्तर म्हणाले.

मग मी टाकाऊ तुकडे घेऊन नुसते जोड करत सुटले. जेवणाच्या सुट्टीतही. नणंद म्हणायची, "वहिनी, नुसत्या चहावर मरशील." पण मला भूकच नव्हती. हात परत येत होते, आणि त्यांच्याबरोबर मीही.

त्या सिनेमात एक विनोदी प्रसंग होता. लग्नाच्या मांडवात जाडे मामा बाकावर बसतात आणि बाक मोडतो. पण कुणालाच हसू येईना. कितीदा कापला, तरी नाही. दिग्दर्शक तो काढूनच टाकणार होता. "बघ गं, तुला काही सुचतं का," मास्तर म्हणाले.

नको म्हणून टाकलेले तुकडे काढून मी बसले. त्यात एक नवरीचा चेहरा सापडला. ती बाजूला बघते आणि तिचे डोळे मोठे होतात, बस. मी मामांना बसायला वाकू दिलं, लगेच नवरीचा चेहरा लावला, आणि बाक मोडताना दाखवलाच नाही. त्या चेहऱ्यावर नुसता आवाज ठेवला. नंतर मामा जमिनीवर, हातातला लाडू शाबूत.

दिग्दर्शक बघायला आला आणि खोलीत अंधार झाला. मामा वाकले. नवरी दिसली. कडाड! दिग्दर्शक इतका हसला की त्याला ठसका लागला. "परत लावा," म्हणाला. पुन्हा हसला. मग दिवे लागल्यावर माझ्याकडे वळला.

"बाई, तुमचं पूर्ण नाव सांगा. टायटलमध्ये घालायचंय."

मी जिन्यात गेले आणि एकटीच वेड्यासारखी हसत उभी राहिले.

पुढच्या उन्हाळ्यात लताला मुंबईला नेलं. त्यानंतर वर्षभरानं तो सिनेमा साखरखेर्ड्याच्या बाजारात तंबूत लागला, तेव्हा आम्ही दोघी मुद्दाम आलो. तुम्हीही होता की! मामा वाकले, नवरी दिसली आणि सगळा तंबू हसून फुटला. बा धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत होते. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "पिच्चर झ्याक होता. पर तू कुठं दिसली नाई त्याच्यात?"

"तुम्ही हासले ना, बा? तेच माझं काम."

ते चालता चालता थांबले, क्षणभर माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा हसायला लागले.

दुसऱ्या दिवशी आई शेंगदाण्याची चटणी डब्यात भरत होती. मान वर न करता तिनं विचारलं, "घरी कधी जाऊन राह्यल्या तुम्ही?"

मुंबईला ती घर म्हणाली होती. काळजात जरा कळ उठली, आणि मग एकदम फार बरं वाटलं.

"परवा," मी म्हणाले. "पण दिवाळीत घरी येऊच."

"हाव, या," आई म्हणाली आणि डब्यात आणखी एक मूठ चटणी दाबली.